जाऊन-येऊन दोनशे वीस

"जाऊन-येऊन होईल का, तेवढंच सांगा," अण्णा म्हणाले. हे ते तिसऱ्यांदा विचारत होते.

साताऱ्याच्या त्या शोरूममधल्या मुलीने हातातला टॅब पुन्हा त्यांच्यापुढे धरला. "काका, एका चार्जिंगला दोनशे तीस किलोमीटर. इथे लिहिलंय बघा."

"ते कागदावरचं झालं. मी बोर्डात चौतीस वर्षं वायरमन होतो. कागदावरची वीज आणि घरात येणारी वीज यात किती फरक असतो, ते मला विचारा. रस्त्यावर किती चालते?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी काचेबाहेर पाहत राहिलो.

"एसी लावला, चढ लागले, तर एकशे साठ-सत्तर धरा," ती हळू आवाजात म्हणाली.

"मग नाही जमायचं. जायला एकशे दहा, यायला एकशे दहा."

"पण काका, पोचल्यावर तिकडे चार्जिंगला लावायची ना! घरातला साधा मोठा प्लग चालतो. सुनेकडे जायचंय म्हणालात. जेवण करा, विश्रांती घ्या, तोवर बरीच चार्ज होते."

"तिथे प्लग मिळणार नाही," अण्णा म्हणाले आणि काठी टेकत उठले.

ती छोटी गाडी खरं तर सगळ्यांत स्वस्त होती. चार माणसं बसतील एवढी, डबीसारखी. मला तीच हवी होती. कोरेगावात हिंडायला आणि कामावर जायला-यायला तेवढी पुरे होती. पण गाडी माझ्यासाठी घ्यायची नव्हती. अण्णांना आटपाडीला जायचं होतं.

आटपाडीला माझी वहिनी राहत होती, वैजयंता. आणि तिची मुलगी स्वरांजली. माझा थोरला भाऊ हणमंत दूध संघात होता. टँकरबरोबर जाताना अपघातात गेला, तेव्हा स्वरा तीन वर्षांची होती. भावाच्या जागेवर संघाने मला घेतलं. त्यानंतर वर्षभरात माझं लग्न झालं, आणि लग्नानंतर आठ महिन्यांनी वहिनी मुलीला घेऊन माहेरी आटपाडीला निघून गेली. भांडण असं झालं नाही. आधी तिची खोली आम्हा नवरा-बायकोकडे गेली, मग तिचं कपाट गेलं, मग एक दिवस ती गेली. अण्णा दर दिवाळीला फोन करायचे. ती "बरं आहे" म्हणायची आणि ठेवून द्यायची. अशी सात वर्षं झाली.

त्या साली अण्णांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. त्र्याहत्तर वर्षांचे होते. दवाखान्यातून घरी आले आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "दिगंबर, आपण गाडी घेऊ. विजेवरची. मला दर महिन्याला आटपाडीला जायचंय. एसटीचे धक्के मला डॉक्टरने बंद केलेत आणि पेट्रोलची गाडी दर महिन्याला परवडणार नाही."

"अण्णा, वहिनी घरात तरी घेईल का?"

"नाही घेतलं तर दारात बसेन. नात दिसली म्हणजे झालं."

त्यांनी बोर्डातून मिळालेल्या पैशांतून अर्धे घातले, अर्धे मी घातले. माझे म्हणजे पगारातले.

दुसऱ्या शोरूमची गाडी मोठी होती, चारशेच्या वर जायची, पण तिची किंमत ऐकून अण्णांनी काचेवरून हात मागे घेतला. जणू हात लावल्याचेही पैसे पडतील. तिसऱ्या ठिकाणी एक वापरलेली गाडी होती, पुण्यात टॅक्सीला चालवलेली. विकणारा सारखा नव्या सीटकव्हरबद्दल बोलत होता. अण्णांनी त्याला बॅटरीचा कागद मागितला. तो म्हणाला, नंतर देतो. अण्णा म्हणाले, "नंतर म्हणजे पैसे घेतल्यावर," आणि आम्ही चहा न पिता निघालो.

असं महिनाभर चाललं. दर रविवारी आम्ही सातारला जायचो. खरं सांगायचं तर ते रविवार मला आवडायला लागले होते. अण्णा गाडीखाली वाकून बघायचे, चार्जिंगच्या झाकणात बोट घालायचे, विकणाऱ्या पोरांना अर्थिंग म्हणजे काय ते समजावून सांगायचे. एका पोराला त्यांनी विचारलं, "पावसात लावली आणि अर्थिंग नसलं तर?" पोरगा म्हणाला, "सर, तसं काही होत नाही." अण्णा म्हणाले, "मी खांबावरून दोन माणसं उतरवलीत, तसं काही होत नाही म्हणणारी." मग स्वतःच हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसताना दिसले.

शेवटी गाडी ठरली. पहिल्याच शोरूममधली, पण मधल्या आकाराची. रस्त्यावर अडीचशे चालते असं त्या मुलीने सांगितलं. अण्णांनी तिला शपथ घालायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. चालवून बघायला दिली तेव्हा अण्णा माझ्या शेजारी बसले, आकडे बघत राहिले आणि वाढे फाट्यापर्यंत जाऊन आल्यावर म्हणाले, "पोरगी खरं बोलते. हीच घ्या." रंग विचारला तर म्हणाले, "चालेल तो."

घरी मीटरपासून अंगणापर्यंतची वायर त्यांनी माणूस लावून, खुर्चीवर बसून ओढून घेतली. प्रत्येक खिळा कुठे ठोकायचा ते सांगितलं. अर्थिंगचा खड्डा स्वतः वाकून पाहिला. माझी बायको अरुणा म्हणाली, "अण्णा, इतकं काय करताय, गाडीच तर आहे." अण्णा म्हणाले, "म्हातारपणी एक काम मिळालंय, नीट करू दे."

आम्ही निघालो तो मार्गशीर्षातला रविवार होता. मागच्या सीटवर वाघ्या घेवड्याची पिशवी होती, पाच किलो. "त्या बाजूला असा घेवडा मिळत नाही," अण्णा म्हणाले. रहिमतपूर, औंध, वडूज, मायणी. गाडीला आवाज नाही, त्यामुळे अण्णांचा श्वास ऐकू येत होता. एसी लावू दिला नाही. दर दहा किलोमीटरला किती बॅटरी खर्ची पडली ते मला विचारत होते.

मायणीच्या पुढे आल्यावर म्हणाले, "चूक माझी झाली रे. ती बॅग घेऊन निघाली त्या दिवशी मी ओसरीवरच होतो. पेपर वाचत. मी उठून आडवं यायला पाहिजे होतं."

"जाऊ द्या, अण्णा."

"नोकरी नको म्हणाली ती. पोर लहान आहे, भाऊजींना द्या म्हणाली. एवढं मोठं मन केलं तिने, आणि आपण तिला एक खोली नीट दिली नाही."

मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत होतो. रस्ता खराब होता, खड्डे चुकवायला लागत होते, म्हणून बोलायची गरज पडली नाही.

वहिनी आता तिच्या भावाच्या घरामागे दोन खोल्यांत राहत होती. डाळिंबं निवडायच्या शेडवर कामाला जायची. रविवारी घरी असते, एवढं अण्णांनी फोनवर विचारून ठेवलं होतं. येतोय, असं मात्र सांगितलं नव्हतं. सांगितलं तर नको म्हणेल, ही त्यांना भीती.

ती दारातच होती. पत्र्याच्या डब्यात कपडे भिजवत होती. गाडी थांबली तशी तिने मान वर केली आणि आधी मला ओळखलं. मग अण्णांना. उठली, साडीला हात पुसले, डोक्यावर पदर घेतला आणि अण्णांच्या पाया पडली. सात वर्षांनी.

"या मामंजी. बसा," म्हणाली, आणि आतून प्लास्टिकची खुर्ची आणून बाहेर, निंबाखाली ठेवली. एकच. मी उभा राहिलो.

"स्वरा कुठे आहे?" अण्णांनी विचारलं.

"स्वरे, बाहेर ये. तुझे आजोबा आलेत."

बारा वर्षांची, उंच, सडपातळ पोर बाहेर आली. हातात वही होती. चेहरा थेट हणमंतदादाचा. तिने अण्णांकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आईने मान हलवली तेव्हा ती येऊन पाया पडली. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. ती अवघडून वाकून राहिली.

"कितवीत आहेस?"

"सातवीत."

"मला ओळखलंस?"

"फोटोत बघितलंय," ती म्हणाली.

मी घेवड्याची पिशवी आणून पायरीवर ठेवली. वहिनीने तिच्याकडे पाहिलं नाही. पाणी दिलं, मग चहा. चहा चांगला होता, आलं घातलेला. मला कप देताना तिने नाव घेतलं नाही, भाऊजी म्हणाली नाही. ती कप समोर धरून उभी राहिली आणि मी तो घेतला.

"स्वरे, गाडीत बसून एक चक्कर मारायची? विजेवर चालते. आवाज येत नाही." अण्णांचा आवाज खूप गोड झाला होता.

मुलीने पुन्हा आईकडे पाहिलं.

"अभ्यास आहे तिचा," वहिनी म्हणाली. "आत जा, स्वरे."

पोर आत गेली. ती गेली त्या दाराकडे अण्णा बघत राहिले. मग म्हणाले, "वैजयंता, मी दर महिन्याला येणार आहे. घरात येऊ दे म्हणत नाही. इथे खुर्ची टाकलीस तरी पुरे. आमच्याकडून फार वाईट झालं तुझं. तू आपली होऊन नोकरी सोडलीस दिगंबरसाठी, आणि आम्ही..."

"मी कुठे सोडली?" वहिनी म्हणाली.

"पोर लहान आहे, भाऊजींना द्या, असं तूच म्हणालीस ना?"

"मी?" तिचा आवाज चढला नाही. उलट ती नीट समजून घेत असल्यासारखी एकेक शब्द बोलत होती. "मामंजी, मी नोकरी नको असं कधी म्हटलं नाही. मी दहावी पास होते. मला करायची होती. भाऊजींनी मला सांगितलं, संघात बायकांना घेत नाहीत. सही नाही केली तर जागाच बुडेल, घरात कुणालाच मिळणार नाही. म्हणून मी सही केली."

अण्णांनी कप खाली ठेवला.

"पुढच्याच वर्षी तिथे तीन बायका लागल्या," वहिनी म्हणाली. "त्यांतली एक वडूजची, माझ्या मामेबहिणीची जाऊ."

ती म्हणत होती ते अक्षरशः खरं होतं. संघाच्या ऑफिसात मला स्पष्ट सांगितलं होतं की बायकोचा हक्क पहिला, तिची सही आणा तर तुमचं बघू. तेव्हा मी अठ्ठावीसचा होतो. तीन ठिकाणी लग्न मोडलं होतं, काम नाही म्हणून. मी घरी आलो. वहिनी मागच्या दारी भांडी घासत होती. तिला मी सांगितलं, बायकांना घेत नाहीत. मग ओसरीवर आलो आणि अण्णांना दुसरं सांगितलं. दोन वाक्यं होती. दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. दुःखाच्या घरात कोण असलं विचारतं? मला ते माहीत होतं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ते ओरडतील, काठी उगारतील. त्यांनी फक्त पाहिलं, दवाखान्यात डॉक्टरने रिपोर्ट दाखवला तेव्हा पाहिलं होतं तसं. मग हळूहळू उठले.

"येतो मी," ते वहिनीला म्हणाले.

गाडीजवळ आल्यावर मी त्यांच्यासाठी पुढचं दार उघडलं. ते थांबले, मागे गेले, मागचं दार उघडून बसले. घेवडा नव्हता, जागा मोकळी होती.

एकशे दहा किलोमीटर मी त्यांना आरशात बघत आलो. डोळे मिटलेले नव्हते. एकदाही त्यांनी विचारलं नाही, किती खर्ची पडली. वडूजच्या अलीकडे मी म्हणालो, "अण्णा, माझी चूक झाली." थोड्या वेळाने मागून आवाज आला, "समोर बघून चालव." एवढंच.

घरी आल्यावर अरुणाने विचारलं, "भेटली का नात?" अण्णा म्हणाले, "भेटली. हणमंतासारखी आहे." आणि हातपाय धुवायला गेले.

पुढच्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी गाडी पुसून अंगणात लावली. अण्णा धोतर नेसून, पिशवी घेऊन बाहेर आले आणि गाडीशेजारून रस्त्याकडे चालू लागले.

"अण्णा, कुठे निघालात? गाडी आहे ना."

"सातची वडूज गाडी आहे."

"डॉक्टरांनी नको सांगितलंय एसटी."

"सांगितलंय," ते म्हणाले.

मी मागे गेलो, स्टँडपर्यंत चालत. त्यांच्या हातातली पिशवी घेऊ लागलो तर त्यांनी दिली नाही. ते खिडकीजवळ बसले. गाडी सुटेपर्यंत मी खाली उभा होतो. त्यांनी खाली पाहिलं नाही.

असे ते चारदा गेले. तिकडे काय बोलले, वहिनीने आत घेतलं की निंबाखालीच बसवलं, नातीशी गप्पा झाल्या की नाही, मला काही कळलं नाही. अरुणाला थोडं सांगायचे. मला नाही. माझ्याशी ते वाईट वागले असं कुणी म्हणू शकलं नसतं. जेवताना मीठ मागायचे. पेपर वाचून झाला की माझ्याकडे सरकवायचे. पण मला हाक मारणं त्यांनी बंद केलं. दिगंबर असं माझं नाव त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही. गाडी मी कामाला नेत होतो. ते तिच्यात परत कधी बसले नाहीत.

पाचव्या महिन्यात, जायच्या आदल्या दिवशी त्यांना दम लागला. सातारला नेलं, ते रुग्णवाहिकेतून. अकरा दिवस होते. शेवटच्या दोन दिवसांत मी सारखा शेजारी बसून होतो. मला वाटत होतं, आता काहीतरी म्हणतील. शिवी देतील, नाहीतर माफ केलं म्हणतील. त्यांनी एकदा पाणी मागितलं. मी पाजलं. मग झोपले.

वहिनी दहाव्याला आली, स्वराला घेऊन. मी फोन केला नव्हता, माझं धाडस झालं नव्हतं. अरुणाने केला होता. त्या दोघी बायकांत बसल्या, जेवल्या, अण्णांच्या फोटोच्या पाया पडल्या. स्वरा रडली. मला त्याचं आश्चर्य वाटलं, आणि मग आश्चर्य वाटल्याची लाज वाटली. चार महिन्यांत त्या पोरीला आजोबा मिळाले होते.

दुपारी वहिनी निघाली तेव्हा मी तिला फाटकाशी गाठलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. स्वरा पुढे जाऊन रस्त्यावर उभी होती.

"वहिनी, मी संघात लिहून देतो," मी म्हणालो. "झालं ते सगळं लिहून देतो. माझी नोकरी जाईल ती जाऊ दे. जागा तुमच्या नावाने..."

"माझं वय गेलं त्या नोकरीचं," ती म्हणाली. "आणि तुमची गेली तर तुमची पोरं काय खातील? त्याने माझं काय भलं होणार आहे?"

"मी तुम्हाला फसवलं."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता. मी राग शोधत होतो आणि तो सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"फसवलं नाहीत तुम्ही," ती म्हणाली. "तुम्ही खोटं बोलताय, हे मला तेव्हाच कळलं होतं. आमच्या आटपाडीच्या डेअरीत दोन बायका होत्या. मला माहीत होतं, बायकांना घेतात."

"मग सही का केलीत?"

"कुठे जाणार होते मी, तीन वर्षांची पोर घेऊन? हे घर धरून राहायचं होतं मला. वाटलं, नोकरी तुम्हाला दिली तर तुम्ही माझे उपकार मानाल. माझ्या पोरीला कुणी जड म्हणणार नाही." तिने पदर सारखा केला. "मामंजींना मी हे सांगितलं नाही. त्यांना वाटू दिलं की मला फसवलं. नाहीतर त्यांनी विचारलं असतं, मग सही का केलीस, आणि उत्तर ऐकून त्यांना आणखी लागलं असतं."

मी म्हणालो, "मी सोडतो तुम्हाला. गाडी आहे."

"नको. तीनची एसटी आहे."

तिने मुलीला हाक मारली आणि दोघी चालू लागल्या. मी फाटकाला धरून उभा होतो. स्वराने एकदा वळून पाहिलं, आईला काहीतरी विचारलं. वहिनीने काय उत्तर दिलं, ते मला ऐकू आलं नाही.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. मी अजून संघातच आहे. मधे बढती मिळाली. दादाचं टेबल होतं त्याच खोलीत माझं टेबल आहे. दर दिवाळीला मी आटपाडीला फोन करतो. वहिनी उचलते, "बरं आहे" म्हणते, आणि ठेवून देते.